पाळीव सशाचे पचनविकार

घरात पाळलेल्या सशाच्या पोटाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्याच्या खाण्यात असते: गवत कमी आणि बाकीचे जास्त. बाजारात मिळणारा पांढरा किंवा ठिपकेदार ससा हा आयबेरियन द्वीपकल्पातील रानसशाचा (ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस) वंशज आहे. आपल्या माळावरचा ससा (लेपस नायग्रिकॉलिस) वेगळ्या प्रजातीचा असून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पाळता येत नाही. मराठीत दोघांना एकच नाव असले तरी ही नोंद पहिल्याबद्दल आहे.

सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकले पाहिजे आणि ते सरकवण्याचे काम चोथा करतो. जाड, न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातून कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपात बाहेर पडतो. बारीक कण मागे वळून अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत जातात आणि तिथे जिवाणू ते आंबवतात. त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या लेंड्या तयार होतात. त्या ससा थेट गुदद्वारातूनच खातो आणि त्यांतून त्याला प्रथिने व ब जीवनसत्त्वे मिळतात. नव्याने ससा पाळणारे हे पाहून घाबरतात, त्याला रागावतात. पण ही क्रिया थांबवणे म्हणजे त्याचे अर्धे जेवण काढून घेणे होय.

त्यामुळे मोठ्या सशाच्या आहाराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग गवताचा असावा आणि ते दिवसभर समोर असावे. आयात केलेले टिमोथी गवत महाग पडते. त्याऐवजी स्वच्छ जागेवरची, फवारणी न झालेली हरळी ताजी किंवा सावलीत वाळवून देता येते. बुरशी लागलेले गवत देऊ नये. पावसाळ्यात साठवण करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चाऱ्याच्या दुकानात मिळणाऱ्या लसूणघासाचा लसणाशी संबंध नाही. हा घास पिलांना चालतो, पण त्यात कॅल्शियम फार असते. सशाचे शरीर अन्नातले जास्तीचे कॅल्शियम मूत्रावाटे टाकते, म्हणून तो रोज खाणाऱ्या मोठ्या सशाच्या मूत्राशयात गाळ साचू शकतो. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला रोज थोडा द्यावा. गाजर मात्र गोड असल्याने खाऊ म्हणून एखादा तुकडाच. पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत पुरेत. पोळी, बिस्किटे, पाव, दाणे हे प्रेमाने भरवले जाते आणि त्यानेच अंधनालेतल्या जिवाणूंचा समतोल ढळतो. कांदा-लसूण तर कधीच देऊ नये.

चुकीच्या आहाराची पहिली खूण लेंड्यांत दिसते. मऊ लेंड्या न खाल्ल्या जाता मागच्या केसांना चिकटू लागल्या, की पिष्ट आणि साखर जास्त झाली आहे किंवा लठ्ठपणामुळे त्याला मागे वाकता येत नाही. लोक याला जुलाब समजतात. गोल लेंड्याही पडत असतील तर तो जुलाब नव्हे. पेलेट कमी करून गवत वाढवल्यास बहुधा उतार पडतो. माखलेल्या जागी माश्या बसून अळ्या पडू शकतात, म्हणून ती रोज पाहावी. लहान पिलाला पाण्यासारखा जुलाब झाला तर मात्र लगेच पशुवैद्याकडे न्यावे. कोक्सिडियासारख्या परजीवींमुळे पिले झपाट्याने दगावतात.

सर्वांत घातक तक्रार आतडे मंदावण्याची. तिला जीआय स्टेसिस म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून कशाचा तरी परिणाम असतो: चोथ्याची कमतरता, दाढांचे दुखणे, पाण्याची टंचाई, उन्हाळा, भीती, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना. सशाचे दात जन्मभर वाढतात, पटाशीचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. गवत चावले नाही की दाढांना टोके येतात, चावणे दुखते, ससा खाणे सोडतो आणि आतडे आणखी मंदावते. पोटातला केसांचा गोळा पूर्वी मुख्य कारण मानला जाई. आता तो बहुधा आतडे मंदावल्याने पाणी आटून घट्ट झालेला ऐवज समजला जातो.

ससा आवडीचा पालाही नाकारतो, लेंड्या बारीक होतात किंवा थांबतात, तो कोपऱ्यात अंग आखडून बसतो, दात करकर वाजवतो. ही चिन्हे दिसली आणि दहा-बारा तास काही खाल्ले नसेल, तर सकाळपर्यंत थांबू नये. सशाचे शारीरिक तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. ते ३८ च्या खाली गेले असेल तर आधी ऊब द्यावी. पशुवैद्य वेदनाशामक आणि सलाइन देतात, सिरिंजने चोथायुक्त पेज भरवतात. पोट अचानक ढोलासारखे फुगले असेल तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरी काहीही भरवू नये. रक्तातील साखर डेसिलिटरमागे ३६० मिलिग्रॅमच्या पुढे असणे हीही अडथळ्याकडे बोट दाखवणारी खूण आहे.

औषधांबाबत एक गोष्ट पालकाने स्वतः लक्षात ठेवावी. तोंडावाटे दिलेली अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविके सशाच्या अंधनालेतले उपयोगी जिवाणू मारतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू फोफावतो आणि ससा मरू शकतो. घरातल्या माणसाची किंवा कुत्र्याची उरलेली गोळी त्याला देऊ नये. तसेच शस्त्रक्रियेआधी त्याला कुत्र्या-मांजरासारखे उपाशी ठेवायचे नसते. तशी सूचना मिळाली, तर सशांवर उपचार करण्याचा अनुभव आहे का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.