बस जोडीनेच का येतात?

वीस मिनिटं एकही बस नाही, आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन, एकीला एक चिकटून. पुढची खच्चून भरलेली, मागची जवळपास रिकामी. थांब्यावर ताटकळलेल्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: शेवटच्या थांब्यावर दोघे चालक गप्पा मारत बसले असणार. कधीमधी तसंही होत असेल. पण सगळे चालक आदर्श असले आणि गाड्या घड्याळाच्या ठोक्याला सुटल्या, तरी जोड्या जमतातच. जी. एफ. न्यूएल आणि आर. बी. पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली याचं गणित मांडलं. ते शाळेतल्या चक्रवाढ व्याजापेक्षा फारसं अवघड नाही.

समजा, दर १० मिनिटांनी बस आहे. प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतो आणि एकाला चढायला ३ सेकंद लागतात. वेळेवर आलेल्या बसला १० प्रवासी मिळतात, ती ३० सेकंद थांबते. आता एक बस सिग्नलला अडकून २ मिनिटं मागे पडली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी १० नव्हे, १२ जण उभे. थांबणं ३६ सेकंदांचं, म्हणजे आणखी ६ सेकंद उशीर. तिच्या मागची बस वेळेवरच आहे, पण प्रवासी साठायला ८ मिनिटंच मिळाल्यामुळे तिला ८ प्रवासी मिळतात. ती २४ सेकंदांत निघते आणि ६ सेकंद पुढे सरकते. दोघींमधलं अंतर एकाच थांब्यावर ८ मिनिटांवरून ७ मिनिटं ४८ सेकंदांवर आलं. पुढच्या थांब्यावर हेच, पण थोडं जास्त.

२ मिनिटांवर ६ सेकंद, म्हणजे उशीर दर थांब्याला ५ टक्क्यांनी वाढतो. हे व्याज चक्रवाढ असल्यामुळे विसाव्या थांब्यापर्यंत २ मिनिटांचा उशीर ५ मिनिटांच्या वर जातो. तोवर मागचीही सुमारे ५ मिनिटं लवकर धावत असते, आणि तिथेच ती पुढचीला गाठते. तिसरीचं मात्र उलट होतं. तिच्या पुढची बस लवकर निघून गेल्यामुळे हिच्या वाट्याला गर्दी जास्त येते, ती मागे पडते आणि चौथी तिला येऊन चिकटते. जोड्या अशा तयार होतात.

आता या ५ टक्क्यांकडे नीट बघा. हा आकडा दोनच गोष्टींचा गुणाकार आहे: प्रवासी किती वेगाने जमतात आणि एकाला चढायला किती वेळ लागतो. दोन बसमधलं अंतर त्यात कुठेच नाही. त्यामुळे त्याच मार्गावर दर ५ मिनिटांनी बस सोडली, तरी व्याजाचा दर तोच राहतो. सुरुवातीचं अंतर मात्र निम्मं असतं, म्हणून तेवढ्याच २ मिनिटांच्या अडथळ्याने जोडी अकराव्या थांब्यावरच जमते. याउलट तिकीट आधीच काढलेलं असेल, सगळ्या दारांतून चढता येत असेल आणि ३ चे दीड सेकंद झाले, तर १० मिनिटांच्या अंतरावरची जोडी जमायला ३९ थांबे लागतात. तोवर बहुतेक मार्ग संपलेला असतो.

जोडी जमली की कागदावरची वारंवारता कागदावरच राहते. गाड्या १८ मिनिटं, २ मिनिटं, १८, २ अशा येत असतील, तर सरासरी अंतर १० मिनिटंच भरतं आणि अहवाल नीटनेटका दिसतो. पण केव्हाही थांब्यावर येणाऱ्या माणसाला १८ मिनिटांचा खड्डा सापडण्याची शक्यता ९० टक्के. त्यात तो सरासरी ९ मिनिटं थांबतो. उरलेल्या १० टक्के वेळा १ मिनिट. हिशोब होतो ८.२ मिनिटांचा, वेळापत्रकाने कबूल केलेल्या ५ चा नव्हे. (सूत्रच हवं असेल तर: सरासरी अंतराचा निम्मा भाग, गुणिले (एक अधिक चलन गुणांकाचा वर्ग); चलन गुणांक म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी. इथे प्रमाण विचलन ८, म्हणून गुणांक ०.८, वर्ग ०.६४.) 'माझीच बस नेमकी उशिरा' यात ग्रहांचा काही संबंध नाही. लांब खड्ड्यात माणसं जास्त सापडतात, एवढंच. गर्दीचंही तसंच: १८ प्रवासी पुढच्या बसमध्ये, २ मागच्या. सरासरी १०, पण वीसपैकी अठरा जणांनी भरलेलीच बस पाहिली.

मग बस वाढवा? एका पूर्ण फेरीला, जाऊन-येऊन आणि दोन्ही टोकांची विश्रांती धरून, १२० मिनिटं लागत असतील, तर दर १० मिनिटांच्या सेवेला १२ गाड्या लागतात. दर ८ मिनिटांना १५. शिवाय दुरुस्तीसाठी दहा-वीस टक्के गाड्या राखीव. रोज १६ तास धावणाऱ्या बसला आठवड्याला ११२ चालक-तास लागतात. ४८ तासांचा आठवडा आणि रजा धरल्या, तर गाडीमागे जवळपास तीन चालक. गाडी भांडवली खर्चातून एकदाच येते, पगार मात्र दर महिन्याच्या महसुली खर्चातून जातो. निधी पहिल्यासाठी मिळाला आणि दुसऱ्यासाठी नाही, तर नव्या गाड्या आगारात धूळ खातात.

भांडवली पैशातून वारंवारता विकत घेण्याचा एक मार्ग आहे: रस्ता. बसची स्वतंत्र मार्गिका, सिग्नलला प्राधान्य आणि झटपट चढ-उतार यांनी फेरी १२० वरून १०० मिनिटांवर आली, तर त्याच १२ गाड्या आणि तेच चालक दर ८ मिनिटं २० सेकंदांनी सेवा देतात. सिग्नलवरचे अडथळेही कमी होतात, म्हणजे व्याज लागायला मुद्दलच कमी उरतं. याच्या तुलनेत 'स्मार्ट' फलक आणि ॲप यांचा गाजावाजा मला फुकाचा वाटतो. बस किती लांब आहे हे कळल्याने ती जवळ येत नाही.

बाकीचं काम नियंत्रणाचं. दर १०-१२ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर बस असेल, तर वेळापत्रक धरून बसू नये, अंतर सांभाळावं. २०१२ मध्ये जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन या संशोधकांनी साधा नियम सुचवला: ठरलेल्या थांब्यावर पोचलेल्या बसने आपल्या मागच्या बसपर्यंतच्या अंतराचा ठरावीक हिस्सा थांबायचं. मागची जवळ असेल तर कमी, लांब असेल तर जास्त. अंतरं आपोआप सारखी होत जातात. असा थांबा मार्गाच्या सुरुवातीला आणि बसमध्ये माणसं कमी असतात तिथे ठेवावा, कारण आत बसलेल्यांचा वेळ त्यात जातो. टोकाची विश्रांती कापून हे करू नये. ती गेली की एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या खात्यावर चढतो.

आणि वक्तशीरपणाची नोंद पहिल्या थांब्यावर घेऊन उपयोग नाही. तिथे सगळ्याच गाड्या वेळेवर असतात. नोंद विसाव्या थांब्यावर घ्यावी.