खवल्यांची परीक्षा

कोकणातल्या बेने इस्राएलींची, म्हणजे तिथल्या मराठी यहुद्यांची, कथा अशी. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली, तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पुढे दावीद रहाबी नावाचा यहुदी तिकडे आला आणि ही माणसं आपलीच का, हे पाहायला त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली. पोथी हाती नव्हती, हिब्रू जवळजवळ विसरली होती, पण मासळी कुठली निवडायची हे त्या विसरल्या नव्हत्या.

ही निवड येते बायबलातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 11व्या आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायातून. जमिनीवरच्या जनावराचा खूर दुभंगलेला हवा आणि रवंथही हवा. नुसता रवंथ करणारा उंट बाद, नुसते दुभंगलेले खूर असलेलं डुक्कर बाद. पाण्यातल्या जिवाला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे कोळंबी, कुर्ल्या, मोरी गेली. रक्त तर कुठल्याच जनावराचं किंवा पक्ष्याचं नाही. टोळांच्या काही जाती मात्र चालतात!

हे सगळं कशासाठी? बाराव्या शतकातला यहुदी धर्मपंडित मैमोनिदेस स्वतः वैद्य. त्याने आरोग्याचं कारण दिलं आणि ‘तेव्हा फ्रिज नव्हते ना’ या थाटात ते आजही सांगितलं जातं. मला ते पटत नाही. उंटाचं मांस खाऊन अरबस्तान काही आजारी पडला नाही. ग्रंथ स्वतः एवढंच म्हणतो की मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा, आणि तिथल्या पवित्र या शब्दात वेगळं काढून ठेवलेलं हा अर्थ मुरलेला आहे.

हे वेगळेपण पहिल्या दिवसापासून ताटात होतं असंही नाही. 2021 मध्ये योनातान अ‍ॅडलर आणि ओमरी लेर्नाऊ यांनी यहूदातल्या जुन्या वस्त्यांमधल्या माशांच्या हाडांचा हिशेब मांडला. थेट पर्शियन काळापर्यंत (इ.स.पू. सहावं ते चौथं शतक), खुद्द जेरुसलेममध्येसुद्धा, बिनखवल्यांचा मांगूर जातीचा मासा खाल्ला जात होता. नियम स्वयंपाकघरात रुजायला बराच काळ गेला.

नियमाला जिवाची किंमत आली ती इ.स.पू. 167 च्या सुमारास, यहुदी धर्माचारांवर बंदी घालणाऱ्या ग्रीक राजाच्या, अँटिओकस चौथ्याच्या, अमदानीत. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात नव्वदीचा शास्त्री एलाजार येतो. तोंडात कोंबलेलं डुकराचं मांस तो थुंकून टाकतो. ओळखीचे अधिकारी त्याला बाजूला घेऊन सांगतात, तुला चालणारं मांस घरून आण, फक्त डुकराचं खाल्ल्याचं नाटक कर. म्हातारा नकार देतो: या वयात मी ढोंग केलं तर पोरंसोरं काय समजतील? आणि मरण पत्करतो.

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोरात, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, तीनदा येतं. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, त्यातून मांस आणि दूध पूर्ण वेगळं केलं. भांडी वेगळी, मटणानंतर दुधाच्या पदार्थाला कुठे सहा तास थांबायचं, कुठे तीन, डच यहुद्यांत एकच.

ख्रिस्ती वाट निराळी झाली. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं की यापो गावी येशूचा शिष्य पेत्र याला आकाशातून उतरणारी चादर दिसली, तीत सगळ्या तऱ्हेचे प्राणी, आणि आज्ञा झाली: मारून खा. तरी पुढच्या जेरुसलेमच्या बैठकीत मूळचे यहुदी नसलेल्या ख्रिस्त्यांसाठी रक्त आणि गळा दाबून मारलेलं मांस वर्ज्यच ठेवलं गेलं. इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी अजून डुक्कर खात नाहीत. उलट अमेरिकेतल्या रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, यहुद्यांनी 1885 मध्ये पिट्सबर्गला हे नियम बंधनकारक नाहीत असं जाहीर केलं. आता त्यांच्यातलेच काही आपखुशीने ते पाळू लागलेत.

बेने इस्राएली घरांत रोश हशनाला, म्हणजे नव्या वर्षाला, चिकाचा हलवा होतो. गव्हाचा चीक, साखर आणि गाईच्या दुधाऐवजी नारळाचं दूध. मटणाच्या जेवणावरही तो बिनदिक्कत वाढता येतो.