पोर 'रमलं' म्हणजे नक्की काय झालं? जॉन बोल्बींच्या कामामागची गोष्ट

"रमलो हां तो, आता रडणा नाय." आमच्या देवगडकडे हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की त्यात काही खटकण्यासारखं आहे हेच कधी जाणवलं नाही. आईबाप दोघं मुंबईला, चाळीतल्या एका खोलीत आधीच पाच माणसं, म्हणून पोर गावाला आजीकडे. मग शाळेचं वय झालं की मे महिना संपता संपता त्याला एसटीत बसवून मुंबईला न्यायचं, आणि सगळ्यांना वाटायचं की चला, पोर आईबापाकडे गेलं, बरं झालं. पण त्या पोराची आई तोवर आजीच झालेली असायची ना. माझा मोठा भाऊ असाच सहा वर्षांचा असताना मुंबईला आला. दोन दिवस रडला, मग गप झाला, आणि घरात सगळे म्हणाले शहाणा आहे हो, रमला.

या गप होण्याचा अर्थ ज्या माणसाने लावला तो इंग्लंडचा मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी. जन्म १९०७ चा, लंडनमधल्या बड्या घरात, वडील नावाजलेले सर्जन. त्या वर्गात तेव्हा पद्धतच अशी की मुलं दाया सांभाळणार आणि आई दिवसातून तासभर, संध्याकाळच्या चहानंतर भेटणार. बोल्बींची लाडकी दाई होती मिनी. ते चारेक वर्षांचे असताना ती काम सोडून गेली. बाहेरून बघणाऱ्याला काय, एक कामवाली गेली, पण पुढे मोठेपणी बोल्बींनी हे दुःख आई गमावण्याच्या तोडीचं असल्याचं सांगितलं. मला तर वाटतं त्यांचं सगळं काम इथूनच सुरू होतं. त्यानंतर बोर्डिंग स्कूल, मग नेव्हल कॉलेज, केंब्रिज, डॉक्टरकी वगैरे.

१९४४ मध्ये त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास छापला. त्यातली १४ मुलं अशी होती की त्यांना कुणाबद्दल काही वाटतच नाही असं दिसायचं, आणि त्या १४ पैकी १२ जण अगदी लहानपणी बराच काळ आईपासून तुटलेले होते. मुलं कमी, अभ्यासात त्रुटी आहेत, टीकाही झाली, पण पोराला सुधारा सुधारा म्हणत बसण्यापेक्षा त्याच्यावर काय गुदरलंय ते विचारा, हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं. मग महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याकडून अहवाल मागवला, तो १९५१ ला आला.

तेव्हा तिकडच्या हॉस्पिटलात लहान मुलांना भेटायला आईबापांना आठवड्यातून तास-दोन तास मिळायचे, काही ठिकाणी तेवढेही नाहीत. कारण आई आली की मूल रडतं आणि गेली की अजून रडतं, त्यापेक्षा न आलेली बरी. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये हॉस्पिटलात आठ दिवस राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीची फिल्मच केली. त्यांना अशा मुलांमध्ये तीन टप्पे दिसले: आधी मूल आकांत करतं, मग खचतं, आणि मग गप होतं, खातं, खेळतं, नर्सकडे बघून हसतंसुद्धा. नर्सा म्हणायच्या, रमलं. पण आई आली की ते तिच्याकडे अनोळखी असल्यासारखं बघायचं. म्हणजे ते रमलं नव्हतं, त्याने आशा सोडली होती! देवगडचं आणि लंडनचं वाक्य एकच निघावं हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालाने, सांगितलं की मुलांच्या वॉर्डात आईबापांना कधीही येऊ द्या.

बोल्बी सुरुवातीला फार आई-आई करायचे आणि त्यामुळे नोकरी करणाऱ्या बायकांच्या माथी उगाच अपराधीपणा आला, ही गोष्ट मला आजही खटकते. नंतर मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि मग बाल्टिमोरला मुलांचं बारीक निरीक्षण केलं, त्यातून अटॅचमेंटची, म्हणजे मूल आपल्याला सांभाळणाऱ्या माणसाशी कसं घट्ट जोडलं जातं याची, थिअरी पक्की झाली, आणि हेही कळत गेलं की मूल ज्याच्याशी असं जोडलं जातं ते माणूस आजी असू शकतं, बाप असू शकतो, फक्त हाक मारल्यावर ओ देणारं हवं.

आणि बरं होण्याचं काय? बोल्बींच्या मते थेरपिस्टचं पहिलं काम म्हणजे समोरच्याला भक्कम आधार देणं, जिथे उभं राहून तो मागे वळून बघू शकेल. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांना त्यांचं बालपण सांगायला लावलं. लहानपण कसं गेलं यापेक्षा ते आज सलगपणे, न टाळता सांगता येतं का, याचा त्यांच्या मुलांशी असलेल्या नात्याशी जास्त संबंध दिसला.

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर पडवीत बसलो होतो, भाऊ एकदम बोलायला लागला. आजीने एसटीत खिडकीतून रुमालात बांधलेले खाजे दिले होते, ते त्याने मुंबईत खाल्लेच नाहीत, उशीखाली ठेवले, मुंग्या लागल्या आणि आईने टाकून दिले. तो आता चोपन्न वर्षांचा आहे. आई आत होती, ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली, म्हणाली, "मला माहीतच नव्हतं रे ते आजीचे होते."