ग्रेडचा वाद वेगळा, रोस्टरचा वाद वेगळा

पुण्याहून दौंडकडे जा की मिरजेकडे, रेल्वेच्या ट्रॅकवरच्या माणसाच्या तक्रारीत एक शब्द हमखास येतो: कॅटेगरी. ‘माझी कॅटेगरी चुकीची लावलीय.’ ऐकणाऱ्याने आधी विचारावं, कुठली? एक असते ग्रेड, म्हणजे ट्रॅक मेंटेनर चार, तीन, दोन की एक. दुसरं ड्युटीचं वर्गीकरण, म्हणजे रोस्टर (ड्युटीच्या तासांचा तक्ता) कंटिन्युअस, अर्थात सलग कामाचं, की ईआय (इसेन्शियली इंटरमिटंट), अर्थात मुळात खंडित स्वरूपाच्या कामाचं. दोन्हींचे कागद पर्सनल ब्रँचमध्येच (कर्मचारी शाखेत) असतात, त्यामुळे दोन्ही तक्रारी एकाच अर्जात कोंबल्या जातात आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

ग्रेडचं थोडक्यात. गँगमन, कीमन, मेट ही नावं अजून तोंडात असली तरी कागदावर सगळे ट्रॅक मेंटेनर. सातव्या वेतन आयोगानुसार ग्रेड चारला लेव्हल १ (सुरुवात १८,०००), तीनला लेव्हल २ (१९,९००), दोनला लेव्हल ४ (२५,५००) आणि एकला लेव्हल ५ (२९,२००). मधली लेव्हल ३ या साखळीत नाही, त्यात कुणाची चूक नाही. ग्रेड मिळते ती मंजूर जागा आणि ज्येष्ठता यादी यांवर. चार वर्षं कीमनची बीट (तपासायचा रुळांचा पट्टा) चालली, रुळाच्या चाव्या ठोकल्या, पण लेखी आदेश नाही, तर ग्रेडच्या दाव्याला पाया नाही. तोंडी हुकमावर वरचं काम करणाऱ्याने निदान गँगच्या डायरीत रोज कुणाच्या नावावर काय काम लागलं त्याची नक्कल ठेवावी. आणि १०, २०, ३० वर्षांनी मिळणारी एमएसीपी (बढती नसतानाची सेवाकाळानुसारची पगारवाढ) म्हणजे ग्रेड नव्हे. तिने पगाराची लेव्हल वाढते, हुद्दा जिथल्या तिथे राहतो. ‘लेव्हल दोन मिळाली, मग मी ग्रेड तीन’ हा हिशेब चुकतो तो इथेच.

ड्युटीचं वर्गीकरण मात्र माणसाला चिकटत नाही, जागेला चिकटतं. रेल्वे फाटकाचं घ्या: त्याच फाटकावर उद्या दुसरा गेटमन आला तरी वर्गीकरण तेच. त्याचा आधार रेल्वे कायदा १९८९ चं कलम १३० आणि २००५ चे कामाचे तास व विश्रांतीचे नियम. कायद्याची मांडणी नीट वाचण्यासारखी आहे: इन्टेन्सिव्ह (सतत ताणाचं) किंवा ईआय जाहीर केलेलं नसेल आणि कायद्याने वगळलेल्या कामांतही नसेल, तर काम कंटिन्युअसच. म्हणजे ईआय हे जाहीर करावं लागतं. म्हणून पहिली पायरी वाद घालण्याची नाही, त्या जाहीर आदेशाची प्रत मागण्याची. ऑफिस देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. ‘हे फाटक पहिल्यापासून बारा तासांचंच आहे’ हे उत्तर म्हणजे आदेश नव्हे.

ईआय ठरवायच्या अटी तीन आहेत आणि तिन्ही एकदम लागतात. बारा तासांच्या ड्युटीत निवांत वेळ एकूण निम्मा किंवा जास्त हवा. त्यात सलग एक तासाचा निदान एक तुकडा किंवा अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन तुकडे हवेत. आणि हे सरासरीने, सलग ७२ तासांच्या नोंदीवर; या मोजणीला जॉब अ‍ॅनालिसिस म्हणतात. निवांत म्हणजे ज्या वेळी अंगमेहनतही नाही आणि सतत लक्ष ठेवणंही नाही.

समजा बारा तासांत २० गाड्या. प्रत्येकीला स्टेशन मास्तरचा फोन, प्रायव्हेट नंबर (खातरजमेसाठी फोनवर दिलेला आकडा) लिहिणं, फाटक लावणं, हिरवी झेंडी घेऊन उभं राहणं, गाडीचा मागचा डबा बघणं, फाटक उघडणं, असे १८ मिनिटं. झाली ३६० मिनिटं, म्हणजे बरोबर निम्मी. तुकड्याची अट पूर्ण होत असेल तर ईआय टिकतं. एक गाडी वाढली की काम ३७८ मिनिटांवर जातं, निवांत वेळ ३४२ उरतो आणि ईआय पडतं. आता दुसरं गणित: २४ गाड्या, दर अर्ध्या तासाला एक, प्रत्येकीला १५ मिनिटं. निवांत वेळ पुन्हा निम्मा, पण सलग अर्धा तास कुठेच सापडत नाही. हेही ईआय होऊ शकत नाही. बहुतेक अर्जांत फक्त एकूण वेळेचं रडगाणं असतं, तुकड्यांचा तक्ता कुणी जोडत नाही. प्रकरण खरं तिथे जिंकता येतं.

प्रशासन इतकं ताणून का धरतं? फाटक आठवड्याचे १६८ तास राखायचं असतं. कंटिन्युअसला ४८ तासांचं रोस्टर, म्हणजे साडेतीन माणसं. ‘सी’ वर्गाच्या फाटकावर (हे वर्ग पुढे येतात) ईआय असेल तर ४८ वर २४ तास जास्तीचे धरून ७२, म्हणजे सव्वादोनच्या थोडं वर. रजेची माणसं वेगळी. वर्गीकरण बदललं की प्रत्येक फाटकामागे एकापेक्षा जास्त जागा मंजूर करायची वेळ येते. कायद्याची कमाल मर्यादाही बदलते: ईआयला आठवड्याला ७५ तास, कंटिन्युअसला दोन आठवड्यांच्या सरासरीने ५४. विश्रांती ईआयला एका पूर्ण रात्रीसह सलग २४ तास, कंटिन्युअसला सलग ३०.

यात तिसराच गोंधळ फाटकाच्या वर्गाचा. स्पेशल, ए, बी, सी हे वर्ग गाड्या आणि रस्त्यावरची वाहनं यांच्या गुणाकारावरून पडतात; त्या आकड्याला टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) म्हणतात. स्पेशल म्हणजे ५०,००० च्या वर. सी वर्गाचं फाटकही कंटिन्युअस असू शकतं, कारण तिथे मोजायचा तो निवांत वेळ, रिक्षा आणि बैलगाड्या नव्हेत.

जॉब अ‍ॅनालिसिसमध्ये घोळ होतो तो नोंदीत. मोठ्या ब्लॉकचे दिवस निवडले की गाड्या कमी दिसतात. टॉवर वॅगन (विजेच्या तारांच्या दुरुस्तीची गाडी), लाइट इंजिन (डब्यांविना इंजिन), ट्रॅक मशीन यांच्या फेऱ्या लिहिल्या जात नाहीत. फाटक लावायचा वेळ म्हणून दांडी खाली यायचे सेकंद धरतात, फोन आल्यापासून उभं राहिलेला वेळ नाही. चेक रेलच्या (फाटकात मुख्य रुळालगत आतून बसवलेल्या रुळाच्या) खोबणीतली खडी काढणं कुणी मोजतच नाही. दुहेरी मार्गावर एक गाडी जाते न जाते तोच समोरून दुसरी येते आणि फाटक बंदच राहतं. ही नोंद एकच बंद म्हणून पडते. गेटमनने त्या तीन दिवसांचं स्वतःचं पान, प्रायव्हेट नंबरच्या वेळांसह, रजिस्टरशी जुळवून ठेवावं. मिनिटं जुळली नाहीत की सगळा पुरावा लंगडा पडतो.

आता कुठे जायचं. वर्गीकरणाविरुद्धचं अपील आदेशापासून ९० दिवसांत प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे, तेही केंद्राच्या. राज्याच्या कामगार खात्यात दिलेला अर्ज तिथे चालत नाही, कारण रेल्वे केंद्राच्या कक्षेत येते. आयुक्त हवं तर नव्याने जॉब अ‍ॅनालिसिस करायला सांगू शकतात. जुन्या आदेशाची मुदत कधीच उलटलेली असते, म्हणून गाड्या वाढल्याचा तक्ता जोडून आधी नवीन जॉब अ‍ॅनालिसिस मागावं. नवा आदेश आला की ९० दिवस नव्याने सुरू होतात. ग्रेडचा रस्ता वेगळा: आधी विभागात लेखी निवेदन, युनियनमार्फत पीएनएममध्ये (प्रशासन आणि युनियनच्या वाटाघाटीच्या बैठकीत) विषय, आणि शेवटी मुंबईला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. तिथे मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनाला सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पीएनएममध्ये विषय चालू आहे म्हणून कॅटची मुदत थांबत नाही.

एकाच माणसाच्या दोन्ही तक्रारी असतील तर दोन अर्ज, दोन विषय, दोन पोचपावत्या. वर्गीकरणाच्या अर्जात फाटकाचा किलोमीटर, गेट नंबर आणि सध्याचं रोस्टर. ग्रेडच्या अर्जात ज्येष्ठता यादीतला क्रमांक, नेमणुकीची तारीख आणि ज्याच्यामुळे डावललं गेलं त्या आदेशाचा नंबर.