मूल वाचू लागलं, तरी वाचून दाखवणं थांबवू नका
(आमच्या बालवाचनालयात नाव नोंदवणाऱ्या पालकांसाठी)

नाव नोंदवायला आलेल्या आई-बाबांना आम्ही एकच विचारतो : घरी वाचून कोण दाखवतं? "आधी दाखवायचो, पण आता पहिलीत गेलाय, त्याचं तोच वाचेल," हे उत्तर आम्ही फार वेळा ऐकतो. पुस्तकांशी जमलेली गट्टी नेमकी इथे सुटते.

पहिलीतल्या मुलाला कानाने पुष्कळ कळतं. राक्षस, समुद्र, हरवलेला भाऊ अशी लांबलचक गोष्ट ते श्वास रोखून ऐकतं. स्वतः वाचायला मात्र 'कमल नमन कर' एवढंच जमत असतं. गोष्ट बंद झाली आणि हातात फक्त 'कमल नमन कर' उरलं, तर वाचन म्हणजे कंटाळा हे त्याच्या मनात पक्कं बसतं. शिवाय आपली लिपी डोळ्यांची परीक्षा घेते. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते आणि नंतर उच्चारायची. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी. मूल अडखळलं तर ते आळशी नाही. त्याला वेळ द्या, आणि तोवर गोष्ट तुमच्या आवाजात चालू ठेवा.

दुसरं कारण शब्दांचं. घरात दिवसभर आपण 'आवर, जेव, दूध संपव' एवढंच बोलत असतो. ओंजळ, कवडसा, पाऊलखुणा हे शब्द मुलांना गोष्टीतच भेटतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर आणखी कुठे भेटणार?

आमच्याकडे रविवारी येणारी एक चार वर्षांची मुलगी दोन महिने हत्तीचं एकच पुस्तक नेत होती. बाबा वैतागले, "हे लपवून ठेवा हो!" आम्ही नाही लपवलं. हत्ती पडतो ते पान आलं की ती त्यावर तळहात ठेवायची, कुजबुजायची, "आता पडणार", आणि मगच हात काढायची. एका रविवारी तिने मोठ्या अक्षरांतल्या 'धप्प'खाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचलं. तिला अजून मुळाक्षरंही सगळी येत नाहीत. पण तो शब्द तिचा झालाय. तेव्हा तेच ते पुस्तक पुन्हा मागितलं, तर द्या.

रोज रात्री दहा मिनिटं पुरतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, मुलाला कुशीत घ्या, पान त्याला उलटू द्या. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम आनंदाने त्यांना द्या. आवडलं नाही तर पुस्तक अर्धं सोडू द्या. आणि कृपा करून गोष्ट संपल्यावर "काय बोध घेतलास?" असं विचारू नका. परीक्षा शाळेत असतेच.

पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात मुलाला बरोबर न्या, एखादं तरी त्याच्या मनाचं घेऊ द्या, तुम्हाला फालतू वाटलं तरी. बालभारती 1971 पासून 'किशोर' मासिक काढते. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. थोड्या मोठ्या मुलांना ते दाखवा.

आमच्याकडून एका वेळी दोन पुस्तकं मिळतील, पंधरा दिवसांसाठी. पान फाटलं, वरणाचा डाग पडला, तरी दंड नाही. दंडाच्या भीतीने पुस्तक कपाटावर ठेवलेली घरं आम्ही पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं. फक्त फाटलेल्या पानाला घरी सेलोटेप लावू नका, ती पुढे पिवळी पडून कागद खराब करते. तुकडा जपून पुस्तकातच ठेवा आणि आणून द्या. आम्ही खळीने चिकटवतो, हवं तर मुलाला मदतीला बसवा.