एक मिलिमीटर समुद्र म्हणजे किती कोयना?

सकाळी रंकाळ्यावर फिरताना आमच्यातल्या एकानं मोबाईल पुढं केला. नकाशात मुंबई सगळी निळी आणि खाली ठळक अक्षरांत '२०५० साली मुंबई बुडणार'. दुसरा म्हणाला, "आपल्याला काय, आपण साडेपाचशे मीटर वर." उद्यमनगरात ज्याचा पंपांचा कारखाना आहे, तो मित्र मात्र थांबला. "पाणी वाढतंय न्हवं? मग उपसायचं. पंपानं उचलायचं आन् धरणात टाकायचं. हाय काय अन् नाय काय!"

सगळे हसले. मी घरी येऊन कागद काढला.

आधी त्या नकाशाचं. समुद्र एसटीसारखा वेळापत्रक लावून येत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, म्हणजे पूर्वीपेक्षा बराच जास्त. काही वाढ पाणी तापून फुगल्यामुळं, बाकीची मुख्यतः जमिनीवरचं बर्फ वितळल्यामुळं. मुंबईला त्रास होणार तो आधी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आल्यावर, आणि तो त्रास तिथल्या लोकांना आजही ठाऊक आहे.

आता उपसा. समुद्राचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किलोमीटर. त्यावरचा एक मिलिमीटरचा थर म्हणजे ३६० घन किलोमीटर पाणी. आपल्याकडं पावसाळ्यात पोरंटोरंसुद्धा टीएमसीत बोलतात, तर तसंच मोजू. कोयना १०५ टीएमसीची, म्हणजे जेमतेम ३ घन किलोमीटर. एका मिलिमीटरला १२० कोयना! दरवर्षीच्या ३.७ मिलिमीटरला साडेचारशेच्या आसपास, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितक्याच नव्या.

तरी मित्राची कल्पना अगदीच वेडगळ नाही. विसाव्या शतकात जगभर बांधलेल्या धरणांनी मिळून सुमारे १०,८०० घन किलोमीटर पाणी अडवलं असा हिशोब आहे. ३६० नं भागा, ३० मिलिमीटर येतात. धरणं नसती तर समुद्र आज तीन सेंटीमीटर आणखी वर असता. उलट बोअरनं उपसून उसाला पाजलेलं भूजल शेवटी बरंचसं समुद्रालाच मिळतं, तो भाग वजा.

जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या हवामान संशोधकांनी २०१६ साली हाच विचार अंटार्क्टिकावर नेऊन बघितला. समुद्राचं पाणी उपसून बर्फावर ओतायचं, तिथं ते गोठेल. पण काठावर ओतलं तर त्या वजनानं बर्फच लवकर समुद्रात घसरणार, म्हणून किमान ७०० किलोमीटर आत न्यायला हवं. तिथली उंची ४,००० मीटर धरून मी वर्षाला ३ मिलिमीटरचा हिशोब केला. घर्षण न धरता, पाणी नुसतं उचलायलाच १८० कोटी एचपी रात्रंदिवस. मित्राच्या भाषेत, ५ एचपीच्या ३६ कोटी मोटारी, आणि लोडशेडिंग चालणार नाही. ही ताकद जग वापरत असलेल्या एकूण ऊर्जेच्या सुमारे ७ टक्के भरते. त्या संशोधकांचा आकडाही ७ टक्क्यांच्या वरच होता.

म्हणजे समुद्र उचलता येत नाही. मग दारं लावायची.

दारं म्हटलं की कोल्हापूरकराला राधानगरी आठवते. 'स्वयंचलित दरवाजा क्रमांक ६ उघडला' हा मेसेज आला की पंचगंगेकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. पाणी ठराविक पातळीला पोचलं की दरवाजे आपसूक उघडतात, कुणाला विचारत नाहीत. कोकणात खारजमिनीच्या बांधांना उघाडी असते, तीही अशीच गुणी. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच तिला दाबून बंद करतो.

व्हेनिसचे दरवाजे याच जातीचे, पण डोकं फार वेगळं. व्हेनिस ज्या खाजणात वसलंय त्याला समुद्राकडून तीन तोंडं. तिथं तळाशी ७८ पोकळ पोलादी दरवाजे आडवे झोपवलेत, प्रत्येक २० मीटर रुंद. एरवी ते पाण्यानं भरलेले असतात, वरून जहाजं जातात. मोठी भरती येणार असं दिसलं की आत दाबाखाली हवा सोडतात. पाणी बाहेर जातं, दरवाजा हलका होतो आणि बिजागरीवर फिरत वर येतो.

मी हे गच्चीवरच्या टाकीत करून बघितलं. तेलाचा चपटा ५ लिटरचा डबा घेतला, बुडाशी दोन भोकं पाडली, तीच बाजू सुतळीनं विटेला बांधली आणि सलाईनची नळी आत घातली. बुडाला. फुंकलं तसा बुडबुडे सोडत, डुलत उभा राहिला. खरी गंमत पुढं आहे. बोटानं दाबला की कलंडतो, पण पडत नाही, परत उठू बघतो. जितका कलंडेल तितका तरफेचा हात लांब होतो आणि उचलणारा जोर वाढतो. व्हेनिसच्या दरवाज्याला मागून टेकू नाही, कुलूप नाही. समुद्र त्याला खाजणाकडं ढकलतो, हवा त्याला वर उचलते आणि तो मधेच, साधारण ४५ अंशांत, रेलून राहतो. समुद्र आपल्याच जोरावर तोलून धरलेला!

पण लाटांनी हे दरवाजे झुलतात. सगळे एकदम मागंपुढं झाले असते तर बरं होतं. अभ्यासात दिसलं की शेजारशेजारचे उलटसुलट झुलू शकतात, एक पुढं तर दुसरा मागं, आणि तेही लाटेच्या दुप्पट कालावधीनं. दहा सेकंदांनी लाट आली तर झोका वीस सेकंदांचा. हे विचित्र वाटतं, पण आपण झोपाळा असाच चढवतो. उभं राहून झोका घेताना एका झोक्यात दोनदा गुडघे वाकवतो आणि दोनदा ताठ होतो. ढकलणारा दुप्पट घाईत, झोका निवांत. दरवाज्याचा स्वतःचा झोका लाटेच्या बरोब्बर दुप्पट निघाला की हे झुलणं वाढत जातं. (दुसऱ्या दिवशी सकाळी हे सांगत असताना दोघे जण चहाच्या गाड्याकडं वळले, हे कबूल करतो.)

३ ऑक्टोबर २०२० रोजी हे दरवाजे पहिल्यांदा भरतीसमोर उभे राहिले आणि शहर कोरडं राहिलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला मात्र पाणी १३८ सेंटीमीटरवर गेलं. भरतीचा अंदाज कमी आला होता, म्हणून दरवाजे उचललेच नव्हते. राधानगरीचा दरवाजा पाण्याला बघून उघडतो, व्हेनिसचा माणसाच्या अंदाजावर. आता यावरून कुणी म्हणेल, मग आमचं पंचांग काय वाईट? नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस ते बघायला मजा येते, मीही बघतो. पण म्हैस चुकली तर किती सेंटीमीटरनं चुकली, हे कुणी मोजत नाही.

समुद्र जसा वर येईल तसे हे दरवाजे जास्त वेळा लावावे लागणार. व्हेनिसचं सांडपाणी बरंचसं कालव्यांत जातं आणि भरती-ओहोटी ते धुऊन नेते. दार सारखं बंद राहिलं तर खाजणाचं डबकं होईल, आणि डबक्याचं काय होतं ते रंकाळ्याच्या जलपर्णीनं आपल्याला दाखवलंय.

मित्राला डब्याचा प्रयोग दाखवायला गच्चीवर बोलावलं होतं. त्यानं १८० कोटी एचपीचा कागद बाजूला ठेवला, डबा दोनदा दाबून बघितला आणि सुतळीवर बोट ठेवलं.

"बिजागरी कशाची हाय त्यांची?"

पोलादाची, खाऱ्या पाण्यात, एकूण १५६. आणि गंजाची तक्रार दरवाजे भरतीसमोर एकदाही उभे राहण्याआधीच सुरू झाली होती.

"मग," तो म्हणाला, "खरं काम तिथं हाय."