जास्त वॅट म्हणजे जास्त गरम नव्हे

माझं पहिलं सोल्डरिंग आयर्न (सोल्डर नावाची धातूची तार वितळवून सर्किट बोर्डावर पार्ट जोडायचं अवजार) २५ वॅटचं होतं, कारण ‘जास्त वॅटचं घेतलंस तर पार्ट जळतील’ असं ज्याला विचारावं तो सांगत होता. रेझिस्टर, छोटे ट्रान्झिस्टर झकास लागले. मग एका बोर्डावर डीसी जॅक (अडॅप्टरची पिन खुपसायचं सॉकेट) बसवायला घेतला. त्याची एक पिन ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या सामाईक जोडणीच्या, मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेली. टिप, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, टेकवली, सोल्डरची तार लावली, ती वितळेना. टेकवूनच ठेवली. दहा सेकंद, पंधरा सेकंद. सोल्डर कसंबसं चिखलासारखं झालं आणि पिनवर गोळा होऊन बसलं. तोवर जॅकचं प्लॅस्टिक मऊ पडून पिन तिरकी झाली होती. पार्ट जपायला म्हणून कमी वॅटचं घेतलं आणि पार्ट गेला तो त्याच्यापायीच.

घोटाळा होता तो वॅट आणि तापमान एकच समजण्याचा. टिप किती गरम आहे ते तापमान सांगतं. वॅट सांगतात की हीटर दर सेकंदाला किती उष्णता पुरवू शकतो. एक पातळी आहे, दुसरा पुरवठा.

एक टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळ सोडलाय, तळाला भोक आहे. पाण्याची पातळी म्हणजे टिपचं तापमान, नळाची धार म्हणजे वॅट, भोकातून वाहून जाणारं पाणी म्हणजे हवेत जाणारी उष्णता. पातळी चढली की भोकातून पाणी जास्त जोरात जातं, आणि जेवढं येतंय तेवढंच जायला लागलं की पातळी स्थिरावते. साधं, थेट प्लगमध्ये लावायचं आयर्न असंच चालतं. आपण किती तापलोय याचा त्याला पत्ता नसतो. स्टँडवर रिकामं ठेवलं की चढत चढत चारशे अंश सेल्सिअसच्या घरात जाऊन बसतं, आणि कामाला टेकवलं की घसरतं.

आता त्याच टाकीला फ्लोट लावा. पातळी ठरल्या जागी आली की नळ बंद, उतरली की पुन्हा सुरू. तापमान नियंत्रित आयर्न ते हे. इथे नळ कितीही मोठा असला तरी टाकी ओसंडत नाही. मोठ्या नळाचा उपयोग एवढाच की कुणी बादलीभर पाणी उपसलं तर टाकी झटकन पुन्हा भरते. म्हणून ६० वॅटचं नियंत्रित आयर्न ३४० अंशांवर लावलं, तर नाजूक पार्टला ते २५ वॅटच्या साध्या आयर्नपेक्षा कमी धोक्याचं. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

थोडं गणित करू, ढोबळच. समजा साधं २५ वॅटचं आयर्न २५ अंशांच्या खोलीत ४०० अंशांवर स्थिरावलंय. म्हणजे त्या क्षणी त्याचे सगळेच्या सगळे २५ वॅट हवेत चाललेत. कामासाठी शिल्लक शून्य, जो काही साठा आहे तो टिपच्या तांब्यात. टिप टेकवली, ती ३०० पर्यंत उतरली. आता हवेत जाणारी उष्णता त्याच प्रमाणात घटून साधारण १८ वॅट. उरले ७. त्या ग्राउंडच्या पिनशी माझं आयर्न झगडत होतं ते या सात वॅटच्या जोरावर! तेवढ्याच आकाराचं ६० वॅटचं नियंत्रित आयर्न ३०० वर आलं तर त्याच्याकडे ४२ वॅट मोकळे असतात. खोक्यावरच्या आकड्यात फरक अडीचपटीच्याही आतला, हातात येणारा फरक सहापट.

आणि समोरून मागणी किती? रेझिस्टरची बारीक तार नि तिचं पॅड (बोर्डावर ती जिथे जोडायची तो तांब्याचा ठिपका) मिळून काही ज्यूलमध्ये काम भागतं; एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. पण नेहमीच्या बोर्डावरचा ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर, पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर एवढाच घेतला, तरी त्याचं वजन पाऊण ग्रॅमच्या वर जातं. तो दोनशे अंशांनी तापवायचा तर साठेक ज्यूल लागतात, शिवाय तो तापता तापता स्वतःही गार होत राहतो. म्हणूनच बोर्ड आखणारे शहाणे लोक अशा पॅडला थराशी पूर्ण न जोडता चार बारीक पट्ट्यांनी जोडतात. माझ्या बोर्डावर तेवढा शहाणपणा केलेला नव्हता. (बोर्ड मीच आखला होता.)

वॅट आणि तापमान वेगळे असल्याचा सगळ्यात सरळ पुरावा टीएस-१०० सारख्या छोट्या, डीसीवर चालणाऱ्या आयर्नमध्ये सापडतो. २४ व्होल्ट दिले तर ते ६५ वॅट घेतं, १२ व्होल्टवर जेमतेम १७. स्क्रीनवर दोन्ही वेळा ३५० दिसेल आणि ते खरंही असेल. रेझिस्टर लावताना फरक जाणवणारसुद्धा नाही. जाड वायर घ्या, की १२ व्होल्टवर आकडा डोळ्यांदेखत खाली येतो.

‘ट्रान्झिस्टरला २५ वॅटच्या वर नको’ ही शिकवण सगळी चुकीची नाही. ती साध्या आयर्नच्या काळातली आहे. तापमान ताब्यात नसेल तर वॅट कमी ठेवणं एवढंच हातात होतं.

खरं घोडं पेंड खातं ते मुठीवर फिरतं बटन असलेल्या आयर्नपाशी. बटनाभोवती २०० ते ४५० असे आकडे छापलेले, म्हणजे वाटतं हे नियंत्रित. काही खरंच असतात. काहींच्या मुठीत मात्र पंख्याच्या रेग्युलेटरसारखं सर्किट असतं, सेन्सरचा पत्ता नाही. ते नळ फक्त कमी-जास्त करतं, फ्लोट नाहीच. त्या आकड्यांना तापमान म्हणणं म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरवर खोलीचं तापमान लिहिण्यासारखं. ओळखायचं कसं? सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर असेल तर आयर्न लावून पाच मिनिटं बघा. सेन्सरवालं सुरुवातीला पूर्ण वॅट ओढतं, तापलं की आकडा पडतो किंवा चालू-बंद होत राहतो, आणि टिप ओल्या स्पंजला लावली की पुन्हा उसळतो. बिनसेन्सरचं स्पंज लावा नाहीतर काहीही करा, एकाच आकड्यावर ढिम्म.

सेन्सर आहे म्हटल्यावर तो कुठे आहे हेही बघावं. जुन्या पद्धतीत टिप हीटरवर टोपीसारखी चढते आणि सेन्सर आत हीटरमध्ये असतो. मधल्या फटीमुळे टिपचं टोक गार पडल्याची खबर उशिरा पोचते. हाक्को कंपनीच्या टी-१२ सारख्या कार्ट्रिजमध्ये टिप, हीटर आणि सेन्सर एकाच नळीत, टोकाच्या अगदी मागे. तेवढेच वॅट असूनही हे चटकन सावरतं. वेलर कंपनीच्या मॅग्नास्टॅट आयर्नची युक्ती याहून निराळी आणि मला फार आवडणारी: टिपच्या बुडाशी चुंबकीय धातूचा तुकडा, ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्व जातं आणि स्विच सुटतो. बुडावर ७ लिहिलं असेल तर ७०० फॅरनहाइट, म्हणजे ३७० सेल्सिअस. तापमान बदलायचं तर टिप बदलायची.

तापमान किती ठेवायचं, ते सोल्डर ठरवतं. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) शिसेवालं सोल्डर १८३ ला वितळतं, शिसेविरहित एसएसी ३०५ (कथील, चांदी नि तांब्याचं) साधारण २१७ ते २२० ला. टिप त्याहून बरीच वर लागते: पहिल्याला ३२० ते ३५०, दुसऱ्याला त्याहून वीस-तीस अंश अधिक. जोड होत नाही म्हणून आकडा ४५० ला नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यानं फ्लक्स (धातूवरचा गंज साफ करून सोल्डर धरायला लावणारा पदार्थ) काम करायच्या आत जळून जातो, टिप काळी पडते, आणि काळ्या टिपवर सोल्डर धरत नाही; मग आकडा आणखी वर. त्याऐवजी सुईसारखी टिप काढून छिन्नीसारखी चपटी टिप लावा. उष्णता जाते ती टेकलेल्या पृष्ठभागातून, आणि सुईचं टोक टेकतं ते नावापुरतं.

तेव्हा घेताना आधी सेन्सर आहे का ते बघायचं, मग त्याच्या चपट्या टिपा सुट्या मिळतात का ते, आणि वॅट शेवटी. ५०-६० छंदाला पुरतात. तसाच नवा जॅक, त्याच बोर्डावर, पुढे नियंत्रित आयर्न, रुंद टिप आणि ३५० ला तीन-चार सेकंदांत लागला.

२५ वॅटचं ते जुनं आयर्न मी टाकलेलं नाही. प्लॅस्टिकच्या डब्यांना भोकं पाडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो गुण त्यानं पहिल्याच जॅकवर दाखवला होता.